तबेला वाईट दिवसाच्या मापाने बांधा

प्रश्न : माझं वय ४४. सात वर्षांपूर्वी मला रुमॅटॉइड संधिवात असल्याचं निदान झालं. त्याच्या दोन वर्षं आधी मी एक कुमैत घोडी घेतली होती. तेव्हा ती ४ वर्षांची होती, आता १३ वर्षांची आहे. घोडं पाळायचं हे माझं लहानपणापासूनचं वेड. आता सकाळी बोटं वळत नाहीत. तिच्या डोक्यावर चढवायच्या मोहरकीचं बकल लावायला दहा-दहा मिनिटं जातात. आठवड्यातून एकदा संधिवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, घेते, त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं. चार महिने झाले, तिच्या पाठीवर बसलेली नाही. मुलगा १६ वर्षांचा आहे, मदत करतो, पण रोज कुरकुर करून. नवरा म्हणतो, विकून टाक. गेल्या महिन्यात एक दिवस मला उठताच आलं नाही आणि घरात कुणी नव्हतं. तिला वैरण पडली ती दुपारी एक वाजता. मी गेले तेव्हा ती खिंकाळलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तिच्या मानेला डोकं टेकून मी खूप रडले. (हल्ली वैरणीचा भारा सोडताना खोकला येतो, पण तो धुळीचा असेल.) मी तिला धरून ठेवते आहे, हा माझा स्वार्थ आहे का? तिला सोडून द्यायला हवं का?

उत्तर : ताई, घोडीकडे नंतर येतो. आधी त्या कंसातल्या ओळीबद्दल. तो खोकला कंसात टाकण्यासारखा नाही. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. असं क्वचित होतं, पण होतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा कोरड्या खोकल्याने, दम लागण्याने, कधी तापाने होते. संधिवात स्वतःही फुप्फुसात शिरू शकतो. आणि ओल लागलेल्या, बुरसलेल्या गवतात जे जिवाणू आणि बुरशीचे कण वाढतात, ते भारा सोडला की हवेत उडतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. त्यांच्यामुळे होणाऱ्या आजाराला 'शेतकऱ्याचं फुप्फुस' असंच नाव पडलेलं आहे. या तिन्ही गोष्टींत खोकला सारखाच वाटतो, उपाय मात्र वेगवेगळे आहेत. ते ओळखणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करा आणि स्पष्ट सांगा, "मी घोडी पाळते, रोज सुकं गवत हाताळते." सांध्यांच्या डॉक्टरांना हा प्रश्न आपणहून सुचेलच असं नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. तोवर भारा दुसऱ्या कुणाला तरी सोडू द्या. ते जमत नसेल तर एन-९५ मुखपट्टी लावा आणि गवतावर आधी पाणी मारा. ओलावलेल्या गवताची धूळ उडत नाही, आणि ते घोडीलाही चांगलं, कारण त्याच धुळीने घोड्यांना दमा होतो. भिजवलेलं गवत लगेच तिच्यापुढे टाका, ते आंबू देऊ नका.

आता त्या दुपारी एकच्या दिवसाबद्दल. तुम्ही पत्रात सगळ्यात जास्त त्याबद्दल लिहिलं आहे. तुमचा खरा प्रश्न त्या दिवसातच आहे, असं मला वाटतं.

मला मणक्याचा आमवात आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. निदान होऊन १९ वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं माझ्याकडे एक खच्ची केलेला घोडा होता. एका पहाटे मला कूससुद्धा बदलता येईना. फोन उशाशी होता. हाक मारली असती तर धावत आली असती अशी तीन माणसं मला ठाऊक होती. मी एकालाही फोन केला नाही. माझा घोडा मी बघतो, हे मी इतक्या वेळा इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता मदत मागणं म्हणजे हार मानणं असं वाटत होतं. भिंतीला धरधरून तबेल्यात पोचायला साडेअकरा वाजले. घोडा गप्प उभा होता. गव्हाणीची लाकडी कड त्याने कुरतडून ठेवली होती. जुनं काळपट लाकूड, आणि मध्ये हातभर पट्टा पांढरा, ताजा, दातांच्या खुणांचा. खाली ढलप्या पडलेल्या. मी वैरण टाकली, तो खायला लागला, आणि मी त्या पांढऱ्या कडेवरून बोट फिरवत उभा राहिलो. आळस मी केला नव्हता, प्रेमही कमी नव्हतं. चूक एवढीच होती, की माझी सगळी व्यवस्था माझ्या चांगल्या दिवसाच्या अंगावर बेतलेली होती. चांगल्या दिवशी मी सहाला उठतो, म्हणून वैरण सहाला. चांगल्या दिवशी मी दोन बादल्या उचलतो, म्हणून पाणी दोन बादल्यांनी. वाईट दिवशी काय करायचं याचं उत्तर 'तो दिवस येऊ नये' एवढंच होतं. आपल्यासारख्या आजारात तो दिवस येतोच, ताई. कधी येणार हे तो सांगत नाही, एवढंच.

म्हणून तुम्ही स्वार्थी आहात का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्याने घोडीच्या पुढ्यात एक काडीही पडत नाही. त्याऐवजी हे विचारा : तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, तुम्ही अंथरुणातून उठूच शकत नाही अशा दिवशी, घोडीचा दिवस कसा जाईल? तो धड जाईल अशी मांडणी करता आली तर घोडी ठेवा, अगदी निश्चिंतपणे ठेवा. नाही करता आली तर तिला दुसरीकडे ठेवण्याचा विचार करा. चांगल्या दिवसांवरून हा निर्णय घेऊ नका आणि अपराधी मनानेही घेऊ नका.

मांडणी करायची तर आधी तिला खरोखर काय लागतं ते पाहू. आपण आपल्या हौसेची कामंही तिच्या गरजांच्या यादीत घुसडलेली असतात. घोडा का अडला, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, न फिरवल्यामुळे. ते उत्तर खरंच आहे. दिवसभर चार भिंतींत उभा केलेला घोडा अडतोच, अंगाने आणि डोक्यानेही. पण फिरवायला पाठीवर बसावंच लागतं असं कुठे आहे? मोकळं कुंपण, पायाखाली बरी जमीन आणि सोबतीला दुसरं जनावर असेल तर घोडी स्वतःची स्वतः फिरते. चार महिने स्वारी झाली नाही म्हणून ती तुमच्यावर रुसलेली नाही. खोगीर ही आपली हौस आहे. चरणं, चालणं, कळपात असणं ही तिची गरज आहे. तुमच्या पत्रात दुसऱ्या जनावराचा उल्लेख नाही. ती एकटी असेल तर मला स्वारीपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. घोडं हे कळपातलं जनावर आहे, एकटेपणा त्याला सोसत नाही.

रोजचा खरारा, चकचकीत खोगीर, विंचरलेली आयाळ हे सगळं जमेल तेव्हा. रोज न चुकता लागतं ते वैरण, पाणी, हालचाल, सोबत, आणि कुणाची तरी एक सावध नजर.

वैरणीचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच तुमचं मन अडकलं आहे. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल सतत झिरपत राहतं, पोटात काही असो वा नसो. त्या आम्लाचा जोर कमी करते ती लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. म्हणजे दात चालू नसतील तर आम्ल पोटाच्या अस्तरावर काम करत राहतं. फार वेळ रिकामं ठेवलेल्या घोड्यांना पोटात व्रण होतात ते यामुळे. एका दिवसाच्या उशिराने तुमच्या घोडीचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, त्यासाठी स्वतःला कोसू नका. पण यातून मार्ग दिसतो. तिला सहा वाजता वैरण मिळावी अशी तिची काही अट नाही. तिच्यापुढे बहुतेक वेळ काहीतरी चघळायला असावं, एवढंच तिचं म्हणणं आहे. मग वैरण रात्रीच का टांगून ठेवू नये?

त्यासाठी बारीक भोकांची गवताची जाळी मिळते. भोकं तीन-चार सेंटीमीटरची असतात, घोडीला एकेक काडी ओढून काढावी लागते आणि तेच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण ६ ते ८ किलो सुकं गवत लागतं. एकदा काट्यावर तोलून एका जाळीत किती मावतं ते बघून ठेवा आणि रात्री सकाळपर्यंत पुरेल एवढं टांगा. शिवाय भरलेल्या चार-सहा जाळ्या कोरड्या जागी, कमरेच्या उंचीवर टांगून तयार ठेवा. मग वाईट दिवशी कुणालाही, अगदी घोड्याची भीती वाटणाऱ्या शेजाऱ्यालाही, एवढंच सांगायचं, "एक जाळी उचल आणि कुंपणाच्या कडीला अडकव." घोडीजवळ जायचीही गरज नाही. पायात नाल असतील तर जाळी एवढी उंच बांधा की पाय अडकणार नाही. रिकामी झाली की ती खाली लोंबते, हे लक्षात घेऊन.

पाण्याचं तसंच. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी ती सहज पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. भरलेली बादली म्हणजे दहा किलोचं ओझं, आणि ते नेमकं बोटांच्या आणि मनगटाच्या सांध्यांवर. बादली कायमची सोडून द्या. नळीने भरणारी टाकी ठेवा, जमल्यास पाणी आपोआप भरणारा तरंगता गोळा लावलेली. त्यात एक खोट आहे. घोडी किती प्यायली ते कळत नाही, आणि पाणी कमी पिणं ही पोट बिघडल्याची पहिली खूण असू शकते. म्हणून अधूनमधून गोळ्याची तोटी बंद करून दिवसभरात पाणी किती उतरलं ते बघत जा.

लीद काढायला लांब दांड्याचा, प्लास्टिकच्या दात्यांचा हलका पंजा आणि दोन चाकांची गाडी घ्या. एका चाकाची गाडी मनगटांना तोलावी लागते, दोन चाकांची स्वतः उभी राहते. गाडी अर्धीच भरा. ओला पेंढा मात्र रोज निघालाच पाहिजे, कारण मुतातून सुटणारा अमोनिया तिच्याही फुप्फुसांना वाईट आणि तुमच्याही. हे काम मुलाला द्या, तुमचा खोकला काय आहे ते कळेपर्यंत तरी.

हातांबद्दल आणखी थोडं. मोहरकीचं बकल काढून टाका आणि त्या जागी मोठा, अंगठ्याने दाबून उघडणारा हुक बसवून घ्या. खराऱ्याच्या मुठीवर आणि पंजाच्या दांड्यावर फोमची नळी चढवा. जाड मूठ धरायला बोटं कमी वळावी लागतात. दोर जाड सुती घ्या आणि तो हाताला कधीही, एका वेढ्यानेसुद्धा, गुंडाळू नका. घोडी बिथरली आणि वेढा आवळला तर धडधाकट माणसाची बोटं जातात, आपली तर आधीच दुखावलेली आहेत. खूर साफ करायला वाकून पाय उचलू नका. खूर टेकवायला बुटका स्टँड मिळतो, त्यावर पाय ठेवायला तिला शिकवता येईल. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतच असेल, त्याच्याकडूनच सुरुवात करून घ्या. त्याच वेळी मान खाली घालायला, फाटकापाशी थांबायला आणि एका शब्दावर मागे सरायलाही शिकवा. हे सगळं बळाविना शिकवता येतं, थोडं थोडं, बक्षीस देऊन. मान खाली घालणारी घोडी असली की सुजलेला खांदा वर उचलावा लागत नाही. स्टेरॉइड चालू असेल किंवा पूर्वी बरेच दिवस घेतलं असेल तर हाडं ठिसूळ आणि कातडी पातळ झालेली असू शकते, म्हणून तिच्याजवळ जमिनीवर काम करतानाही डोक्यावर हेल्मेट असू द्या. धनुर्वाताची लस तुमची आणि तिची, दोघींची, वेळेवर असावी. त्याचे जिवाणू मातीत आणि लिदीत असतात. आणि तिच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर उघड्या हाताने लावू नका. तो गजकर्ण असू शकतो, आणि तुमच्या औषधांनी तुमची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली आहे.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारतो. चार महिने स्वारी बंद आहे, मग चंदी कमी केलीत का? बऱ्याच जणांकडून हे राहून जातं. उलट, फिरवता येत नाही म्हणून वाईट वाटतं आणि तोबऱ्यात मूठभर जास्तच पडते. काम न करणाऱ्या घोडीला धान्य बहुधा लागतच नाही. चांगली वैरण आणि खनिजक्षार तिला पुरतात. जादा चंदीने वजन वाढतं आणि खुरांच्या आतले पानांसारखे पातळ थर सुजतात, तो फार वेदनेचा आजार आहे. तिच्या बरगड्यांवरून तळहात फिरवा. बरगड्या दिसायला नकोत, पण हलक्या हाताला लागायला हव्यात. खूर गरम लागले, वळताना ती कचरली किंवा भार मागे टाकून उभी राहू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्य.

आता चांगल्या दिवसांबद्दल. आपला घात तेच जास्त करतात. बोटं वळताहेत असं दिसलं की आपण पूर्ण तबेला धुऊन काढतो, खरारा करतो, खोगीर पुसतो, कुंपण दुरुस्त करतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. मी हे कित्येक वर्षं केलं. शेवटी मी नियम केला, की चांगल्या दिवशीही अंगात आहे त्याच्या दोन-तृतीयांशच खर्च करायचं, आणि त्यातलाही पहिला वाटा वाईट दिवसाच्या तयारीला. म्हणजे आधी जाळ्या भरायच्या, मग घोड्याचे लाड. सकाळी सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात, कारण सूज वाढवणारी द्रव्यं रात्रीतून शरीरात चढतात. मग तबेल्याचं काम सकाळीच का हवं? वैरण रात्रीपासून टांगलेली असेल तर तुमचा तबेला दुपारी चारला सुरू झाला तरी घोडीची तक्रार नसेल.

तुमचा सगळ्यात वाईट दिवस तर तारखेसकट ठाऊक आहे, गोळीचा दुसरा दिवस. त्या दिवशी तबेल्यात तुम्ही नाहीच, असं धरून चाला, बरं वाटलं तरी. मदतनीस कायमचा त्याच दिवशी ठेवा. त्या दिवशी घरात कुणी नसतं असं असेल तर गोळीचा वार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वार बदलताना मध्ये एखादी मात्रा जास्त पडू देऊ नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं आहे, त्यात गफलत झाली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बदल त्यांच्याच सांगण्याने करा.

आणि माणसं. मुलाची कुरकुर मी समजू शकतो. सोळाव्या वर्षी 'आई म्हणेल तेव्हा, आई म्हणेल ते' हे काम कुणालाही नकोसं होतं. त्याला एकच ठरलेलं काम द्या, रोजचं, त्याचं स्वतःचं, आणि मग त्यात लक्ष घालू नका. लीद त्याची, तर लीद त्याची. तुमच्यापेक्षा वाईट काढली तरी चालेल. नवरा 'विकून टाक' म्हणतो त्यामागे बहुधा भीती आहे. त्याने तुम्हाला पडताना पाहिलं असेल, किंवा पडाल या विचाराने तो रोज घाबरत असेल. त्याच्याशी घोडीबद्दल वाद घालू नका, त्याला मांडणी कागदावर दाखवा. बाहेरचं माणूसही शोधा. पगारी मोतद्दार परवडत नसेल तर स्वारीची हौस असलेलं पण स्वतःचं घोडं नसलेलं कुणीतरी नक्की सापडेल. आठवड्यातून दोन दिवस घोडी त्यांची आणि त्या दोन दिवसांचं कामही त्यांचं. अटी लिहून घ्या, आणि त्या माणसाला आधी दोन महिने तुमच्या डोळ्यांसमोर काम करू द्या.

तबेल्याच्या दारावर एक कागद लावा, प्लास्टिकमध्ये घालून. गवत किती, चंदी किती, काय द्यायचं नाही, पशुवैद्याचा आणि नालबंदाचा नंबर. घोडी स्वस्थ असताना तिची नाडी, श्वास आणि ताप मोजून तेही लिहा. साधारणपणे विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो, पण तुमच्या घोडीचा स्वतःचा आकडा हवा. त्याखाली पोटशुळाच्या खुणा : पाय आपटणं, वळून पोटाकडे बघणं, लोळणं, वैरण सोडणं, लीद न टाकणं. यातलं काही दिसलं तर मला उठवत बसू नका, थेट पशुवैद्याला बोलवा, असं ठळक लिहा. आणि तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा उपचाराचा निर्णय कोण घेईल, ते नाव लिहा. हे नाव लिहायला मी फार टाळाटाळ केली होती. लिहिलं त्या रात्री नीट झोप लागली.

मदत घेण्याबद्दल तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. डेन्मार्कची लिस हार्टेल उत्तम स्वार होती. १९४४मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. पुढे ती बरीच सावरली, पण गुडघ्यांखालचे पाय कधीच परत आले नाहीत. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच उतरू दिलं गेलं आणि तिने पुरुषांच्या बरोबरीने खेळून रौप्यपदक मिळवलं. तिच्याखाली जुबिली नावाची घोडी होती. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य मिळवलं. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं वेगळंच आठवत राहतं. तिला घोडीवर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. ऑलिंपिकमध्येसुद्धा. सगळ्यांच्या देखत ती दुसऱ्याच्या हातांवर भार टाकून खोगिरापर्यंत जायची, आणि एकदा तिथे पोचली की पुढचं सगळं तिचं आणि घोडीचं असायचं. मुलाने जाळी टांगली म्हणून घोडी तुमची कमी होत नाही.

तुम्हाला पुन्हा पाठीवर बसायचं असेल, आणि पत्राच्या ओळीओळीतून ते कळतं, तर त्याआधी एक तपासणी करून घ्या. रुमॅटॉइड संधिवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल पडू शकतो. तो सैल असेल तर स्वारीतले झटके आणि पडणं धोक्याचं. सात वर्षांचा आजार आहे, तेव्हा मानेचा एक्स-रे काढावा का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. डोकं मागून दुखत असेल, हातांत मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर तेही सांगा. त्यांनी हो म्हटलं तर पायऱ्यांच्या ओट्यावरून चढा, कुणीतरी लगाम धरलेला असू द्या, दहा मिनिटं चालीने फिरा आणि उतरा. सांधे भडकलेले असतील तेव्हा नाही. नाही म्हटलं तर तिच्याबरोबर चालणं आहे, तिला शिकवणं आहे, कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसणं आहे. माझा घोडा शेवटची चार वर्षं मी जमिनीवरूनच सांभाळला. त्या चार वर्षांत तो मला आधीच्या सातांपेक्षा जास्त कळला.

आता सोडून देण्याबद्दल. ही सगळी मांडणी करून तीन महिने बघा आणि वहीत दोनच गोष्टी लिहा : कोणत्या दिवशी तिचं काही राहिलं, आणि कोणत्या दिवशी तिच्यामुळे तुमचा आजार भडकला. तीन महिन्यांनंतरही तिच्या गरजा वारंवार राहून जात असतील, किंवा तिच्या खर्चासाठी तुम्ही स्वतःची तपासणी पुढे ढकलत असाल, किंवा तिच्याजवळ जायची तुम्हाला भीती वाटू लागली असेल, तर तिला दुसरीकडे ठेवण्याची वेळ आली आहे. पण विकणं हा त्यातला एकच मार्ग झाला. बाकी घोडी असलेल्या एखाद्या सामायिक पागेत तिला पूर्ण देखभालीवर ठेवता येईल. ती एकटी असेल तर मी हा मार्ग आजच सुचवेन, कारण तिला कळप मिळेल आणि तुमच्या पाठीवरचं ओझं उतरेल. लेखी अटींवर कुणाकडे सांभाळायलाही देता येईल, म्हणजे मालकी तुमची राहील आणि त्यांना ती नको झाली तर परत तुमच्याकडेच येईल. विकलीच, तर तब्येत चांगली असताना, स्वतः माणूस पारखून विका. अंथरुणातून, घाईत, येईल त्याला नको. ती १३ वर्षांची आहे. घोडी २५-३० वर्षं जगतात, म्हणजे तिच्यापुढे अजून बरंच आयुष्य आहे. तुमच्या माघारी ती कुणाकडे जाईल, हे तुम्ही तिला ठेवलीत तरी लिहून ठेवावं लागेल.

तिने त्या दुपारी खिंकाळून हाक दिली नाही, नुसती बघत राहिली, हे तुमच्या मनाला लागलं आहे. मी तिथे नव्हतो. पण तुम्ही तिच्या मानेला डोकं टेकून रडलात, तेव्हा वैरण पुढ्यात असूनही ती बाजूला झाली नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ४०० किलोच्या भुकेल्या जनावराला सरकायला काय लागतं?

आधी डॉक्टरांना खोकल्याचा फोन करा, मग जाळ्या आणा. आणि नालबंदाची पुढची तारीख गोळीच्या दुसऱ्या दिवशी येत असेल तर ती आजच बदलून घ्या.